भैरूचं उपाशीपोटी रक्त

आमच्या गिरणीत हल्ली लोक दळणाचा डबा खाली ठेवायच्या आधी कुत्र्याच्या लघवीचा रंग सांगतात. परवा एक बाई मांजर पिशवीत घालून घेऊन आली आणि म्हणाली, "वैनी, हिचं लिव्हर बघा जरा." मी गहू दळते, ज्वारी दळते, मसाल्याच्या दिवसांत तिखट आणि हळद कांडून देते. लिव्हर बघत नाही. पण आमच्या भैरूच्या आजारपणात आम्हाला जे कळलं ते प्रत्येकाला यंत्राच्या आवाजात ओरडून सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. ज्यांचं जनावर पिवळं पडलं आहे त्यांनी वाचावं. औषधांची नावं मी लिहिणार नाही. ती डॉक्टरांनी लिहायची असतात, आणि आमच्याकडे ती आधीच फार जण लिहीत होते.

हळद

सोनारी हे भैरवनाथाचं गाव. कुत्रं हे देवाचं वाहन, त्यामुळे आमच्या गावात कुत्रं उपाशी मरत नाही. भाविक येतात, नैवेद्य दाखवतात आणि बाहेर पडल्यावर जे पहिलं कुत्रं दिसेल त्याच्या पुढ्यात ठेवतात. भैरूला हे लहानपणीच कळलं होतं. तो पांढरा, एक कान तांबूस. पिल्लू असताना गिरणीच्या पायरीवर येऊन बसला तो उठलाच नाही. नाव आत्याबाईंनी ठेवलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या भैरूला फक्त अहोजाहो करत नाहीत, बाकी सगळा मान देतात.

मसाल्याचे दिवस होते. कांडप यंत्रावर सकाळपासून हळद चालू होती. भिंत पिवळी, वजनकाटा पिवळा, माझ्या भुवया पिवळ्या. भैरू यंत्राच्या खालीच पडलेला असायचा, तोही पिवळा. दोन-तीन दिवस तो भाकरी हुंगून सोडून देत होता, एकदा उलटीही केली होती. उन्हाचं असेल म्हणून मी सोडून दिलं. मग म्हटलं याला धुवून तरी काढावा.

भैरूला आंघोळ घालायची म्हणजे एरवी तीन माणसं लागतात. त्या दिवशी तो नळाखाली गप उभा राहिला. तिथंच मला शंका यायला हवी होती. साबण लावला, पाणी पिवळं गेलं. पुन्हा लावला, पाणी पांढरं गेलं. मग स्वच्छ गेलं. भैरू मात्र पिवळाच राहिला. पोट पिवळं, कानाची आतली बाजू पिवळी.

शेजारची शकूबाई डबा घेऊन उभी होती. म्हणाली, "आजून एक डाव लाव की साबण. हळद चांगली हाय, रंग सोडंना."

मी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. डोळे पाहिले. डोळ्याचा पांढरा भाग लिंबासारखा झाला होता. डोळ्यात हळद गेली असती तर तो असा शांत उभा राहिला नसता.

पिवळेपणा बघायचा असेल तर दिवसाच्या उजेडात बघा, बल्बखाली सगळंच पिवळं दिसतं. हिरड्या, कानाची आतली बाजू आणि डोळे. आणि तुमची गिरणी असेल तर आधी धुवून बघा.

माळ

आत्याबाईंनी एका नजरेत निदान केलं. "कावीळ हाय."

आमचे हे म्हणाले, "आई, कुत्र्याला कुठं कावीळ होती?"

"का? त्याला काय पोट न्हाय?"

कावीळ म्हटल्यावर आमच्याकडे पुढचं ठरलेलं असतं. शेजारच्या गावात एक म्हातारबुवा माळ देतात. कसल्या तरी झाडाच्या काड्या दोऱ्यात ओवून केलेली लहानशी माळ आजाऱ्याच्या डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरत जाईल तशी ती सैल होते, लांबते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. मग ती काढून टाकायची. मी म्हटलं, सकाळी परंड्याला डॉक्टरांकडे न्यायचा. आत्याबाई म्हणाल्या, सकाळ अजून लांब आहे, माळ आत्ता घालून येऊ.

वाद घालण्यात संध्याकाळ गेली असती. गेलो. बुवांनी भैरूकडे बघून तोंड वाकडं केलं नाही, एवढं त्यांचं मानलं पाहिजे. त्यांनी काहीतरी पुटपुटत माळ त्याच्या दोन कानांच्या मध्ये ठेवली. भैरूनं डोकं झटकलं. माळ खाली पडली. त्यानं ती हुंगली आणि खाऊन टाकली.

बुवांनी जरा विचार केला. "खाल्ली तीबी चांगलंच झालं," ते म्हणाले. "आतून उतरंल."

ह्यांनी विचारलं, "आन् न्हाय उतरली तर?"

"मग दुसरी खायला घाला."

परतीच्या वाटेवर भैरूनं माळ होती तशी ओकून बाहेर काढली. आत्याबाई म्हणाल्या, कावीळच पडली बाहेर. मोटारसायकलवर तिघं आणि मध्ये कुत्रं असताना बोलण्यासारखं फार नसतं.

डॉक्टर

सकाळी आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यात भैरूला गुंडाळला आणि आम्हा दोघांच्या मध्ये बसवून परंड्याला नेला. वाटेत दोघांनी गाडी थांबवून विचारलं, "आत्याबाईस्नी काय झालं?" लुगडं त्यांचं ओळखीचं होतं. तिसऱ्यानं विचारल्यावर ह्यांनी गाडी थांबवलीच नाही. त्यामुळे दुपारपर्यंत गावात आत्याबाई अत्यवस्थ असल्याची बातमी पसरली आणि त्यांना ती स्वतः दारात उभं राहून खोडून काढावी लागली.

परंड्याच्या डॉक्टरांचा निम्मा जन्म म्हशी आणि शेळ्यांत गेला आहे. त्यांनी भैरूला पाहिलं, पोट दाबलं, ताप बघितला. मी विचारलं, "कावीळच ना?"

"कावीळ हा आजार नाही वहिनी. ती दारावर लावलेली पाटी आहे. घरात कोण आहे ते आत जाऊन बघावं लागतं. गोचिडांमुळं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी जनावर पिवळं पडतं. उंदराच्या मुतातला जंतू पोटात गेला तरी पडतं, आणि तो माणसालाही होतो, म्हणून याला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे. आणि यकृत बिघडलं तरी पडतं. बघून कळत नाही. रक्त सांगतं."

"माणसाची एखादी गोळी वगैरे दिली होती का याला?" त्यांनी विचारलं. नव्हती दिली. "देऊही नका. मांजराला तर अजिबातच नाही. तापाची साधी गोळी मांजराचा जीव घेते."

त्यांनी पायातून थेंबभर रक्त काढलं, काचेच्या पट्टीवर पसरलं आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकात डोळा लावून बसले. गोचिडाच्या तापाचं काही दिसलं नाही. तांबड्या पेशीही बऱ्या वाटल्या. म्हणजे बोट यकृताकडे जात होतं. ते तपासायचं यंत्र परंड्यातच, माणसांचं रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होतं आणि लॅबवाले जनावरांचंही करून देत होते. त्यासाठी जास्त रक्त हवं होतं, आणि उपाशीपोटी हवं होतं.

"रात्रीपासून पाणी सोडून काही नाही. पोटात तूपतेल गेलेलं असलं की ते रक्तात उतरतं, मग यंत्राला आकडे नीट वाचता येत नाहीत. तसा तो खातच नाही म्हणता, म्हणजे अवघड नाही."

"वाचेल का?" मी विचारलं.

"रक्त आल्यावर बोलू."

असं बोलणारा माणूस मला आवडत नाही. पण खोटं बोलणारा त्याहून आवडत नाही. सलाईन लावून, इंजेक्शनं देऊन आम्हाला परत पाठवलं.

उपवास

आता अडचण अशी की आमचं गाव मला माहीत आहे. भैरूला काही घालू नका असं सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती आणि पाठ वळताच घातलं असतं. दारात आलेल्या भैरवनाथाच्या कुत्र्याला हाकलायची कुणाची छाती? त्यातून कुत्रं आजारी. मग मी डोकं चालवलं. दळणाला आलेल्या प्रत्येकीला सांगितलं, "उद्या सकाळपर्यंत भैरूचा उपवास आहे. भाकरीचा कण घालायचा नाही."

उपवास म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. शकूबाईनं कानाला हात लावला. आत्याबाईंना तर ही कल्पना फारच पटली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सकाळी डॉक्टरांनी रक्त काढलं, नळी मी स्वतः लॅबमध्ये नेऊन दिली आणि बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं लॅबमधला माणूस नळी हातात घेऊनच बाहेर आला.

"ताई, पेशंट काय जेवला?"

"उपाशी आहे."

"उपाशी न्हाय." त्यानं नळी उजेडात धरली. खाली रक्त बसलं होतं आणि वर पाणी यायला हवं तिथं दूध आलं होतं. पांढरं, घट्ट, साईसकट म्हटलं तरी चाललं असतं. "मशिन आकडा घेईना याच्यावर. दणकून तूप खाल्लंय त्यानं."

घरी येऊन मी गिरणी चालू केली नाही. डबे घेऊन आलेल्यांना ओळीनं उभं केलं.

"शकूबाई, भैरूला काय घातलं?"

"भाकरीचा कणबी न्हाय घातला वैनी. उपवास व्हता न्हवं त्याचा."

"मग काय घातलं?"

"खिचडी."

"साबुदाण्याची?"

"मग उपवासाला कशाची करत्यात?"

"तुपात केली होती?"

"मग काय पाण्यात करू?" शकूबाईलाच राग आला. "शेंगदाण्याचं कूट घालून केलती. लई आवडीनं खाल्ली."

दुसरीनं राजगिऱ्याचा लाडू दिला होता. तिसरीनं बटाट्याचा कीस. कुण्या भाविकानं पेढे ठेवले होते, पण त्यानं आधी विचारून घेतलं होतं की उपवासाला पेढा चालतो ना. आत्याबाई कोपऱ्यात गहू निवडत होत्या.

"मी काय घातलं न्हाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. दोन-चार खडे निवडून झाल्यावर म्हणाल्या, "दुधात केळं तेवढं कुस्करून दिलं. फाटंचं. आजारी जिवानं कडक कशाला धरायचा?"

"त्यानं खाल्लं?"

"चार दिसांत पयल्यांदा पोटभर खाल्लं."

त्यांच्या तोंडावर एवढं समाधान होतं की मी रागावायचं पुढं ढकललं. तशी चूक कुणाची नव्हतीच. मी उपवास जाहीर केला आणि गावानं तो रीतीप्रमाणे साजरा केला.

तुमच्या जनावराचं रक्त द्यायचं असेल तर उपाशी म्हणजे काय ते घरातल्या प्रत्येकाला वेगळं, समोर बसवून सांगा. आणि मांजर असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करा. डॉक्टर म्हणाले, मांजर चार दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं तर नुसत्या उपाशी राहण्यानंच त्याचं यकृत बिघडतं. शकूबाईला हे सांगितलं तेव्हापासून तिचं मांजर दिसेनासं झालं आहे. म्हणजे मांजर आहे, पण खाऊन खाऊन त्याची मान दिसत नाही.

मुसकं

दुसऱ्या खेपेला मी गोठ्यातून वासराचं मुसकं काढलं. वासरानं माती खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ती दोरीची जाळी. भैरूला ती थोडी मोठी होत होती, कानामागून गाठ मारून बसवली आणि त्याला गिरणीच्या पायरीला बांधला. बाजूला पाण्याचं भांडं ठेवलं. पाणी पाजायला मी दर थोड्या वेळानं जाळी काढत होते, आणि ती काढली की आजूबाजूची माणसं आशेनं जवळ सरकत होती.

त्यात रविवार. देवळाकडे जाणारी वाट आमच्या समोरून जाते. एक जाडजूड गृहस्थ हातात नैवेद्याचं ताट घेऊन थांबले. "बाई, देवाच्या वाहनाला मुसकं घालता? पाप लागंल."

"त्याचं रक्त तपासायचंय. उपाशी ठेवलाय."

"घासभर पुरणपोळीनं काय हुतंय?"

"तुम्ही देता का त्याच्या बदली रक्त?"

त्यांनी ताट छातीशी धरलं. भांडण वाढलं असतं, पण तेवढ्यात आत्याबाई काठी घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवर भैरूच्या शेजारी बसल्या. "म्या देवाला सांगून ठिवलंय," त्या गृहस्थांना म्हणाल्या. "उद्या सकाळपातूर न्हाय म्हणून. त्याची काय हरकत न्हाय. तुमची हाय का?"

त्यांची नव्हती. त्या संध्याकाळी आत्याबाई पायरीवरून हलल्या नाहीत. कुणी जवळ आलं की काठी नुसती आडवी करायच्या. सकाळी नळीत वर आलं ते पाणीच होतं. आदल्या वेळी पांढरं, या वेळी झेंडूसारखं पिवळं. लॅबमधला माणूस म्हणाला, "आता जमतंय." मला ते पिवळं बघून जमल्यासारखं वाटलं नाही.

रिपोर्ट

लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये कुत्र्याची सोय नव्हती. त्यामुळे रिपोर्टवर नाव भैरू, लिंग पुरुष, वय सहा वर्षं असं आलं होतं. खाली छापील सल्ला होता. मद्यपान टाळावे, तेलकट पदार्थ वर्ज्य करावेत, पुरेशी झोप घ्यावी.

ह्यांनी तो मोठ्यानं वाचला. आत्याबाईंनी विचारलं, "दारू कुणी पाजली त्याला?" आणि सरळ मुलाकडे बघितलं. हे दारू पीत नाहीत. म्हणजे आत्याबाईंच्या माहितीप्रमाणे पीत नाहीत.

वर आकडे होते. यकृताच्या आकड्यांपुढं ठळक अक्षरात खुणा. समोरच्या रकान्यात किती असावं ते दिलं होतं, आणि भैरूचा आकडा त्याच्या कितीतरी पट होता. ते रकाने माणसांचे होते, कुत्र्याचे वेगळे असतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की सगळं हाताबाहेर गेलं आहे. शकूबाईनं कागद उलटा-सुलटा बघितला, तिला वाचता येत नाही, आणि म्हणाली, "संपलंच की मग."

मी गिरणी लग्नकार्यालासुद्धा बंद ठेवत नाही. त्या दिवशी ठेवली. यंत्र बंद असलं की गिरणीत किती शांत असतं ते मी विसरले होते. भैरू पोत्यावर पडून होता, श्वास घेताना पोट हलतंय का एवढं मी बघत बसले. मग उठून कागद घेतला आणि डॉक्टरांकडे गेले, कारण बसून काही होत नव्हतं.

डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. "हे जे आकडे चढलेत ना, ते यकृताच्या पेशी फुटल्याच्या खुणा आहेत. किती मार बसलाय ते सांगतात. किती शिल्लक आहे ते सांगत नाहीत. ते खाली बघायचं. हे प्रथिन यकृत बनवतं, रक्तातली साखर यकृत सांभाळतं. दोन्ही अजून जागेवर आहेत."

"म्हणजे जातं शाबूत आहे. पट्टा तुटलाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तसंच समजा. आकडे चढले म्हणून घाबरू नका. यकृत ओरडतंय. ओरडतंय तोवर जिवंत आहे. फक्त मार अजून चालू आहे की थांबलाय, ते मला कळायला पाहिजे. चालू असेल तर माझ्या सलाईनचा उपयोग नाही. तो काय-काय खातो ते सगळं विचारून या. सगळं."

भरडा

सगळं विचारायचं म्हणजे पुन्हा गाव गोळा करणं आलं. आम्हाला वाटत होतं भैरू आमचा कुत्रा आहे. कळलं असं की तो सकाळी शकूबाईकडे चहा-खारी घेतो, मग हॉटेलासमोर भज्यांचा चुरा, देवळाबाहेर नैवेद्य, दुपारी एका मास्तरांकडे वरणभात, आणि एवढं झाल्यावर आमच्याकडे उपाशी असल्यासारखा येऊन बसतो. पण हे सगळं गल्लीतली बाकीची कुत्रीही खात होती. ती ठणठणीत होती. त्यातली दोन तर हे चालू असताना समोरच भांडत होती.

सगळे बोलत होते, हे तेवढे गप्प होते. आमचे हे गप्प बसले म्हणजे काहीतरी असतं.

"अहो, तुम्ही काय घालता त्याला?"

"काय न्हाय. संध्याकाळी म्हशीला भरडा घालताना मूठभर त्यालाबी. ताकात कालवून. आवडतंय त्याला."

"कसला भरडा?"

"मक्याचा."

"आपण मका कधी भरडला?"

त्यांनी गोठ्याच्या कुडाकडे बघितलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पावसात भिजलेला मका कुणाकडून तरी स्वस्तात मिळाला होता. तो मी माझ्या जात्यात घालू देणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पोती गुपचूप जळकोटला पाहुण्यांकडे नेऊन तिथल्या गिरणीत भरडून आणली होती.

"दुसऱ्याच्या गिरणीत?" मी म्हटलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मक्यापेक्षा ते जास्त लागलं. घरात गिरणी असताना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दळण आणणारा नवरा. शकूबाईनं तोंडाला पदर लावला, पण तो हसू झाकायला होता.

गोठ्यातलं पोतं उघडलं तर ओला, आंबूस वास आणि खाली हिरवट-काळी बुरशी. मूठभर पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वास घेतला आणि पिशवीचं तोंड बांधलं. मका, शेंगदाणा असं भिजलं की त्यावर जी बुरशी धरते तिचं विष असतं, आणि ते पहिलं यकृतावर बसतं. कुत्र्याला थोडकंही पुरतं. म्हशीवर ते लगेच दिसत नाही, पण तिच्या दुधातून आपल्यापर्यंत येतं.

"याच्यामुळंच झालं, असं रक्तात निघालं का?" ह्यांनी विचारलं. त्यांना अजून आशा होती.

"रक्त एवढंच सांगतं की मार बसलाय. कुणी मारलं ते त्यात नसतं. पण हे पोतं घरात ठेवू नका."

ह्यांनी त्याच दुपारी बांधावर खोल खड्डा काढून सगळा भरडा पुरला. त्या दिवसापासून आत्याबाईंनी मुलाशी बोलणं बंद केलं. शेजारी बसलेला असला तरी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "सुमन, त्याला म्हणावं जेवून घे." हे मला म्हणायचे, "आईला सांग भूक न्हाय." मी दोघांच्या मध्ये भाजी वाढायची आणि निरोप पोचवायचे. तसं मला कामाला कमी नव्हतं.

सलाईन

मग रोजचं सुरू झालं. सकाळी लुगडं, मोटारसायकल, परंडा, सलाईन. भैरूला मांडीवर घेऊन हेच बसायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. डॉक्टरांकडे शेळ्या, रेडकं, कोंबड्यांची खुराडी, आणि मध्ये आमचे हे बाटली वर धरून. पायाला मुंग्या आल्या तरी हलायचे नाहीत. घरी पातळ भाताची पेज, तूप नाही, तेल नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी. कधी खायचा, कधी तोंड फिरवायचा.

एक दिवस तो उठलाच नाही. डॉक्टरांनी दोनदा ताप बघितला, दोनदा पोट दाबलं. त्या दिवशी परत येताना ह्यांनी वाटेत गाडी थांबवली आणि उगाच टायरमधली हवा बघितली. दोन्ही टायरची. मी बघायचं काम त्यांच्यावर सोडलं आणि दुसरीकडे बघत बसले.

पुढच्या रक्तात ओरडणारे आकडे खाली आले होते. भैरू मात्र होता तेवढाच पिवळा. मी डॉक्टरांना म्हटलं, कागद चुकला असेल. ते म्हणाले, "रंग उशिरा जातो. आधी आकडे उतरतात, मग कातडी. कातडीवर जाऊ नका." हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आकडे उतरायला लागल्यावरही जनावर काही दिवस तसंच दिसतं, आणि माणसं तिथंच धीर सोडून औषध बंद करतात.

हळूहळू डोळे निवळले. मग कान. मग एका सकाळी शेपटी हलली, कुणाला बघून ते कळलं नाही, पण हलली.

त्यानंतरचं रक्त काढायच्या दिवशी आत्याबाईही टमटम करून परंड्याला आल्या. इतके दिवस मुकाट्यानं पाय पुढं करणारा भैरू सुई दिसताच गुरगुरला आणि डॉक्टरांची बाही धरली. बाही कोपरापर्यंत फाटली. हात वाचला.

"आता बरा झाला म्हणायचा की," आत्याबाई म्हणाल्या. "कशाला टोचताय परत?"

डॉक्टर फाटकी बाही दुमडत म्हणाले, "आजी, चावणं हे यकृताच्या तपासणीत धरत नाहीत." मुसकं बांधलं आणि रक्त काढलंच.

दुपारी त्यांचा फोन आला. सगळे आकडे कुत्र्याच्या मापात आले होते, एक अजून थोडा वर होता. तुपाशिवाय साधी भाकरी चालेल, महिन्यानं पुन्हा रक्त बघू, असं म्हणाले. मी फोन ठेवून आत्याबाईंना हे सगळं सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

"आकडं राहू दे. वाचला का न्हाय ते सांग."

"वाचला."

त्यांनी चुलीतली राख पुढं ओढली. मग ह्यांच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "बसलाय काय नुसता? लाकडं आण जा. भाकर टाकायची हाय."

हे असे उठले की दारातली घागर लवंडली. एवढ्या हौसेनं लाकडं आणताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. भाकरी झाली, निवली, डाळीच्या पाण्यात कुस्करली. भैरूनं ती सगळी खाल्ली, ताटली पायरीपर्यंत चाटत नेली, आणि मग ह्यांच्या समोर जाऊन मान वर करून उभा राहिला. ह्यांनी दोन्ही हात पुढं करून रिकामे तळवे दाखवले. भैरूनं एक हुंगला, दुसरा हुंगला, आणि शकूबाईच्या दाराकडे निघाला.